मिठाचा हात

बल्ब तयार करणाऱ्या त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. मीठ फक्त वस्ताद घालणार. चिरायचं कुणी, परतायचं कुणी, मोठी पातेली घासायची कुणी, यावरून दर सोमवारी भांडणं व्हायची, पण मिठावरून कधी झाली नाहीत. मिठाचा डबा वस्तादांच्या उजव्या हाताशी असायचा. रश्शाला शेवटची उकळी आली की ते पळीतला थेंब डाव्या तळहाताच्या खळग्यात घेत, जिभेला लावत, डोळे मिटत आणि मग मूठ डब्यात घालत. डोळे मिटायची खरं तर काही गरज नव्हती. चव डोळे उघडे ठेवूनही कळते. पण इतकी वर्षं तेवढं नाटक केल्यावर आता ते सोडायचं कसं, ही पंचाईत होती.

आपण जगातले सर्वांत मोठे आचारी आहोत असं वस्तादांना कधीच वाटलं नाही. या शहरात आपल्या तोडीचा दुसरा नाही, एवढंच त्यांचं नम्र मत होतं.

तर असा हा माणूस एका सकाळी सपाट, कोरड्या फरशीवर रिकामा ट्रे घेऊन चालता चालता आडवा झाला. पाय उचलला असं त्यांना वाटलं होतं, पायाला मात्र तसं काही वाटलं नव्हतं. उठल्या उठल्या त्यांनी भांडी घासणाऱ्या उंटावर तोंड सोडलं, की फरशी ओली का ठेवलीस. उंट म्हणजे सहा फुटांचा, मान पुढे काढून चालणारा, दोन मुलांचा बाप. त्याने वाकून फरशीवर हात फिरवला, कोरडा हात वस्तादांना दाखवला आणि फडकं आणायला गेला. महिन्यातली ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन वेळा बायकोला ठाऊक होत्या, कारण त्या घरातच झाल्या होत्या. तिसरीचं टेंगूळ बघून तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं, आणि डॉक्टरबाईंनी त्या आवाज करणाऱ्या बोगद्यात घालून त्यांच्या डोक्याचे फोटो काढून घेतले.

फोटोत जागोजागी पांढरं दिसत होतं. डॉक्टरबाईंनी पेनाच्या टोकाने एकेक जागा दाखवली. मेंदूच्या आत खोलवर ज्या अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात, त्या कडक आणि अरुंद झाल्यात, त्या म्हणाल्या. तिथे रक्त पुरेसं पोचत नाही. एखाददुसरा बारीकसा झटका कधीतरी येऊनही गेलाय, तुम्हाला कळलाही नसेल. त्यामुळे विचार थोडा सावकाश होतो, पाय अडखळतो, एका वेळी दोन कामं करताना गोंधळ होतो.

"कशाने झालं?" बायकोने विचारलं.

"मुख्य म्हणजे वाढलेला रक्तदाब. बरीच वर्षं वाढलेला असणार. आणि सिगारेट."

रक्तदाब हा साहेबलोकांचा आजार आहे अशी वस्तादांची समजूत होती. आचाऱ्याला भाजणं, कापणं आणि पाठ धरणं एवढंच होऊ शकतं.

"हे बरं होतं का?" त्यांनी विचारलं.

"पडलेले डाग पुसता येत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नवे पडू नयेत म्हणून मात्र पुष्कळ करता येतं. खूप लोक यानंतर चांगलं जगतात." मग त्या गोळ्यांबद्दल, चालण्याबद्दल, झोपेबद्दल आणि मिठाबद्दल बराच वेळ बोलल्या. बायको सगळं ऐकत होती. वस्तादांच्या कानात 'पुसता येत नाहीत' एवढंच राहिलं होतं.

त्याला कारण होतं. त्यांचा थोरला भाऊ वायरमन होता. अंधारात नुसत्या बोटांनी तार ओळखायचा. शेवटच्या वर्षांत तो स्वतःच्या बायकोला विचारायचा, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" वहिनी दर वेळी म्हणायची, "तुमच्याकडेच." वस्तादांनी ते दारात उभं राहून ऐकलं होतं आणि त्यानंतर भावाकडे जाणं कमी केलं होतं. मरणाला ते फारसे भीत नव्हते. त्यांना त्या प्रश्नाची भीती वाटायची.

स्वयंपाकघरात कुणाला काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मेंदूवर डाग पडलेल्या आचाऱ्याला कोण वस्ताद म्हणेल?

त्या दिवसापासून ते स्वतःवरच पाळत ठेवायला लागले. सकाळी दात घासताना मसाल्यांची नावं सुलटी म्हणायची, मग उलटी. शाळेतल्या मास्तरांची नावं आठवायची. एका सकाळी सासूबाईंचं नाव काही केल्या आठवेना. चहा गार झाला, वस्ताद खिडकीशी बसून राहिले. शेवटी न राहवून त्यांनी बायकोला सांगितलं, की सुरुवात झाली, तुझ्या आईचं नाव गेलं. बायको पोछा मारत होती. ती म्हणाली, "ते तुम्हाला कधी माहीतच नव्हतं. लग्न झाल्यापासून तुम्ही तिला 'त्या' म्हणता."

भीतीपोटी माणूस किती आज्ञाधारक होतो, हे बघून वस्तादांनाच आश्चर्य वाटलं. सिगारेट सुटली. सुटली म्हणजे काय, दोन आठवडे त्यांनी घरात कुणाला सुखाने जगू दिलं नाही, पण सुटली. गोळ्या वेळेवर जायला लागल्या. चालण्यासाठी त्यांनी कामातलाच वेळ काढला. रश्शात मीठ घातलं की तो झाकून मुरायला ठेवायचा आणि कारखान्याच्या कुंपणाच्या कडेने एक मोठी फेरी मारून यायचं. लोकांना सांगायचं, गॅसची लाइन बघून येतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय राहिलं नव्हतं, पण सवय होती. चालताना बोलायला गेलं की पाय चुकतो, हे लवकरच लक्षात आलं. म्हणून वाटेत कुणी हाक मारली की वस्ताद थांबायचे, पूर्ण वळायचे, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचे, उत्तर द्यायचे आणि मगच पुढे पाऊल टाकायचे. म्हातारपणी वस्ताद किती अदबीने वागायला लागलेत, अशी कारखान्यात चर्चा सुरू झाली.

घरी बायकोने मीठ चिमटीवर आणलं. पहिले काही दिवस जेवण म्हणजे उकडलेला टॉवेल चावल्यासारखं लागायचं. चव ना ढव. वस्ताद ताटाकडे बघून सुस्कारे सोडायचे आणि बायको त्यांच्याकडे न बघता जेवायची. मग हळूहळू काहीतरी बदललं. बटाट्याला बटाट्याचा गोडवा आला. गाजराला स्वतःचं काहीतरी म्हणायचं आहे, हे वस्तादांना साठी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं. एकदा जेवताना ते मोठ्या मनाने म्हणाले, "हल्ली तुझ्या हाताला चव आली हो."

"मी तीच आहे आणि तेच करतेय," बायको म्हणाली, आणि काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिली.

पाय हल्ली कमी अडखळत होता. झोप लागत होती. जिना चढताना धाप लागत नव्हती. पण वस्तादांचं तिकडे लक्ष कुठे होतं? ते डोळ्यांत तेल घालून बिघाड शोधत होते, सुधारणा दिसणार कशी?

मग एके दिवशी भाताच्या मावशींनी रजा घेतली. या मावशी वस्तादांच्या बरोबरीच्या वयाच्या, वस्तादांच्या मागोमाग दोनेक वर्षांनी कँटीनला लागलेल्या. भात त्यांचा, चिरणं त्यांचं, आणि कमी बोलणं हेही त्यांचंच खातं. बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून गेल्या होत्या. वस्तादांनी बटाटा-मटारचा रस्सा केला, थेंब तळहातावर घेतला, डोळे मिटले, मूठ घातली आणि गॅसची लाइन बघायला निघून गेले.

परत आले तेव्हा खिडकीसमोर गर्दी होती आणि ताटं भरलेलीच परत येत होती. चाचणी खात्याचा जाडा फोरमन सर्वांत पुढे उभा होता.

"वस्ताद, आज मीठ संपलं होतं का?"

वस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पळी घेतली, थेंब घेतला, चाखला. उत्तम. नेहमीसारखा उत्तम. "जीभ धुऊन या," ते म्हणाले. फोरमन गेला नाही. मागून आणखी चौघे आले. मग मॅनेजर आला, त्याने एक घास खाल्ला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, की टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या कुठे आहेत. त्या सगळ्या रिकाम्या झाल्या होत्या.

वस्ताद आत वळले. सगळे आपापल्या कामात एकदम गढून गेले होते. उंट तर आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासत होता.

"काय रे, काय झालंय?"

"मावशी नाहीत ना आज," उंट पातेल्याला म्हणाला.

"त्यांचा मिठाशी काय संबंध?"

उंटाने मान आत ओढली. पण आता सांगितल्याशिवाय सुटका नाही, हे त्यालाही दिसत होतं. "तुम्ही गॅसची लाइन बघायला गेलात की त्या वरून घालतात. बरेच दिवस झाले. आधी अर्धी मूठ घालायच्या. मग एक. हल्ली दोन."

अर्धी, मग एक, मग दोन. वस्ताद खाली बसले. रोज सकाळी दात घासताना ज्याचा ते शोध घेत होते, ते इथे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मुठीमुठीने वाढत होतं आणि फक्त त्यांनाच दिसत नव्हतं. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी रश्शात दोन मुठी घातल्या, ढवळलं आणि चाखलं. त्यांना ते थुंकावं लागलं. तोच रस्सा पाच मिनिटांनी फोरमन दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

जीभ तोंडात असली तरी चव मेंदूला कळते, एवढं वस्तादांनाही ठाऊक होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

घरी जाऊन ते बुटांसकट पलंगावर बसले. "उद्या राजीनामा देतो," ते म्हणाले. "माझं डोकं गेलं."

बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिचाही चेहरा उतरला होता, पण ती म्हणाली, "उद्या डॉक्टरबाईंकडे जायचंय. आधी त्यांना विचारू. राजीनामा कुठे पळून जातोय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई बसा म्हणायच्या आत वस्ताद म्हणाले, "गेली."

"काय गेली?"

"चव."

डॉक्टरबाईंनी सगळी हकिकत शेवटपर्यंत ऐकली. त्यांना चालायला लावलं, वळायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले. डोळे मिटून दोन-तीन वास ओळखायला लावले. डोळे मिटण्याचा वस्तादांना सराव होताच. रक्तदाब एकदा मोजला, मग पुन्हा मोजला. मग बायकोकडे वळून विचारलं, "घरी मीठ किती घालता?"

बायकोने अंगठा आणि एक बोट जुळवून दाखवलं.

"रोज? न चुकता?"

"कँटीनचं खातच नाहीत. डबा नेतात. चाखायला काय तो एक थेंब."

डॉक्टरबाई हसायला लागल्या. त्यांनी तोंडावर हात धरला, पण डोळे हसतच होते. "अहो, तुमच्या जिभेला काही झालेलं नाही. काही आठवडे कमी मीठ खाल्लं की जीभ बदलते. मग थोडंसं मीठही पुरतं आणि बाकीच्यांचं जेवण खारट लागतं. माझे निम्मे पेशंट पथ्याबद्दल खोटं सांगतात. तुम्ही इतकं पाळलंत की सगळ्या कारखान्याला कळलं. रक्तदाब छान उतरलाय. चालही सुधारलीय."

वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. आपण घरी जाणार, बायकोला बायको म्हणून ओळखणार, उद्याही ओळखणार, या विचाराने त्यांना इतकं हलकं वाटलं की क्षणभर त्यांनी डॉक्टरबाईंच्या टेबलाची कड धरून ठेवली. आणि लगेच पुढच्या क्षणी त्यांच्यातला वस्ताद जागा झाला.

"डॉक्टरबाई, फक्त कामापुरती जुनी जीभ परत आणता येईल का?"

"येईल की. पूर्वीसारखं खायला लागा, महिन्याभरात येईल," त्या म्हणाल्या. "तिच्याबरोबर रक्तदाबही येईल."

बाहेर बसथांब्यावर दोघं शेजारी बसली. वस्तादांनी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मिठाच्या हातावर तर माझं नाव आहे. तोच गेला तर राहिलं काय?"

"नाव राहील हो," बायको म्हणाली. "पण ते तुमचं आहे, हे तुम्हाला माहीत असायला नको का? थोरल्या भावोजींचंही केवढं नाव होतं."

बस आली. वस्तादांनी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं आणि मगच पायरीवर पाय ठेवला.

सकाळी मावशी कामावर आल्या होत्या आणि नेहमीच्या जागी कांदा चिरत होत्या. काय बोलायचं ते वस्तादांनी वाटेत चांगलं घोकून ठेवलं होतं. त्यात आभार होते, समजूतदारपणा होता, एक छोटा विनोदही होता. तोंडातून निघालं ते असं, "दोन मुठी?"

मावशींची सुरी थांबली नाही. "हो."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? वस्ताद, मीठ कमी आहे, असं? या खोलीत?" मावशींनी चिरलेला कांदा परातीत लोटला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही विसरायला लागलात. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. म्हटलं, जितके दिवस झाकता येईल तितके दिवस झाकावं. कुणी तुम्हाला घरी बसवायला नको."

वस्तादांना जे कुणाच्या मनात येऊ नये असं वाटत होतं, नेमकं तेच या बाईच्या मनात इतके दिवस होतं. आणि तिने काय केलं, तर रोज त्यांची पाठ वळली की गुपचूप त्यांची अब्रू राखली. त्यांना स्वतःची लाज वाटली. गॅसच्या लाइनीची तर फारच वाटली.

त्यांनी सगळ्यांना ओट्याजवळ बोलावलं आणि सांगून टाकलं. डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, पांढरे डाग, गोळ्या, चिमटीतलं मीठ, सगळं. विचार सावकाश होतो, तेव्हा उत्तर उशिरा आलं तर रागावलोय असं समजू नका, म्हणाले. एका वेळी एकानेच बोला, म्हणाले. मग दयेची वाट बघत उभे राहिले. दया आली तर ती कशी झिडकारायची, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

 मग उंटाने विचारलं, "मग आता चाखायचं कुणी?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सगळ्यांना हाच प्रश्न पडला होता. जेवणाची सुट्टी जवळ येत होती आणि वस्तादांचा मेंदू हा त्यापुढे तसा किरकोळ विषय होता. वस्तादांना थोडा अपमान वाटला.

"मावशी," ते म्हणाले.

रश्शाला शेवटची उकळी आली. वस्ताद आपल्या जागेवरून बाजूला झाले. मावशींनी हात पुसले, पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. डोळे वगैरे मिटले नाहीत. "कमी आहे," म्हणाल्या आणि डब्यात हात घातला. वस्तादांना वाईट वाटलं. डॉक्टरबाईंनी कितीही छान सांगितलं असलं तरी वाटलं. त्यांची उजवी मूठ आपोआप उघडत होती, मिटत होती. ती खिशात घालून ते दाराकडे निघाले.

"मी चालायला जातो," ते म्हणाले.

"जा की," मावशी म्हणाल्या. "गॅसची लाइन त्या बाजूला नाहीच. सगळ्यांना माहीत आहे."

जेवणाच्या सुट्टीत ताटं चाटूनपुसून परत यायला लागली. फोरमन हात धुऊन मुद्दाम खिडकीशी आला आणि आत डोकं घालून मोठ्याने म्हणाला, "वस्ताद, आज तुमचा हात परत आला बघा."

 मावशी पळ्या धूत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. हल्ली वस्तादांना उत्तर सुचायला वेळ लागायचा. या वेळी ते ताबडतोब सुचलं होतं, फक्त तोंडातून निघत नव्हतं. फोरमनला काहीच माहीत नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मान हलवण्यात तर त्यांची हयात गेली होती.

"माझा नाही," ते म्हणाले. "मावशींचा आहे. इथून पुढे त्याच घालणार."

फोरमनने मावशींकडे बघितलं, मग वस्तादांकडे. "मग तुम्ही काय करणार?"

"मी विचारणार," वस्ताद म्हणाले, आणि हे आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन, आता बोललोच आहोत तर करूनही दाखवावं म्हणून, ते मावशींकडे वळले. "मावशी, संध्याकाळच्या पाळीला काय करायचं?"

मावशींच्या हातातली पळी नळाखाली तशीच राहिली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर सुचायला त्यांनाही वेळ लागला. वस्ताद थांबून राहिले.